अकरा वाजताचे कुलूप

माझे अक्षर चांगले आहे. लहानपणी त्याबद्दल मला बक्षीस मिळाले होते आणि पुढे शासकीय नोकरीत वरिष्ठांनी अनेकदा शाबासकी दिली होती. आता पन्नाशी उलटल्यावर मागे पाहतो तेव्हा एक गोष्ट कबूल करावी लागते. माझ्या हातून जे काही चुकले, ते फार सुवाच्य अक्षरात चुकले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नाशिकला पहिल्या नेमणुकीवर आलो. वय सत्तावीस. शासकीय अनुदान घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना भेट देऊन शेरा लिहायचा, एवढेच माझे काम. महिला मंडळे, बालवाड्या, वसतिगृहे, पाळणाघरे असे सगळे त्यात येई. माझ्या शेऱ्यावर अनुदान चालू राही किंवा थांबे. शेरा जितका लहान तितका निरीक्षक हुशार, असा तेव्हा माझा समज होता. इंदिरानगरमध्ये मी एका काकूंकडे मागची खोली भाड्याने घेऊन राहत असे. तेव्हा त्या भागात बंगल्यांच्या मध्ये मध्ये कोबीची आणि टोमॅटोची शेते उरलेली होती.

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला, शहर संपता संपता एक गाव होते. फुले आणि भाजी पिकवणाऱ्यांची वस्ती. तेथील महिला मंडळाने कष्टकरी बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर काढले होते. शासनाच्या योजनेतून त्यांना सेविकेचे मानधन, दुधाची पावडर आणि थोडी अंथरुणे मिळत. अटी दोन. किमान पंचवीस मुले असावीत आणि पाळणाघर सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत चालावे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरा वाजले होते. विहिरीशेजारी पत्र्याची एक खोली, दारावर रंगवलेली पाटी आणि कडीला कुलूप. हात लावून पाहिले, तर ते उन्हाने तापले होते. पलीकडे पाटाच्या पाण्यात एक बाई मेथीच्या जुड्या धूत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी तिला काहीच विचारले नाही. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून शेरा लिहिला : ‘केंद्र बंद आढळले. लाभार्थी शून्य.’ पाचच शब्द. त्यांतला एकही खोटा नव्हता.

त्या पाच शब्दांनी अनुदान थांबले.

खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे गाव ताई म्हणत असे. चाळिशीच्या आसपासच्या, सातवी शिकलेल्या, आवाज असा की विहिरीच्या या काठावरून बोलल्या तर त्या काठावरचा बैल थांबावा. मानधन थांबल्यावर त्यांनी बायकांना सांगून टाकले होते की दोन महिने वाट पाहीन. इगतपुरीला बहिणीकडे एका वसतिगृहात स्वयंपाकाचे काम आहे, फेरतपासणीत जमले नाही तर तिकडे जाईन. ताई गेल्या की पाळणाघर संपले, कारण दुसऱ्या कुणाला ते जमणार नव्हते. हे सगळे मला नंतर कळले. फेरतपासणीचे पत्र मीच पाठवले होते, अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता म्हणून. पत्राचे अक्षर अर्थातच सुंदर होते.

त्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा कुलूप नव्हते. खोलीतून आवाज असा येत होता की मला वाटले, आत लग्नाची पंगत बसली आहे. दारात जाऊन पाहिले तर पाय ठेवायला जागा नाही. मुले मांडीला मांडी लावून बसलेली, भिंतीला टेकलेली, खिडकीत चढलेली. काही साड्यांच्या झोळ्यांत होती आणि एका झोळीतून दोन लांब पाय बाहेर आले होते.

“अट पंचवीस मुलांची आहे,” मी म्हणालो. “इथे तर...”

“एकसष्ट,” ताई अभिमानाने म्हणाल्या. “आणखी येत होती, मीच नको म्हटलं. मग साहेबाला बसायला जागा नसती राहिली.”

मी हजेरीपट काढला आणि त्या लांब पायांच्या झोळीपाशी गेलो. आत एक मुलगा होता. ओठांवर कोवळी लव आली होती.

“वय काय तुझं?”

त्याने दारातल्या आईकडे पाहिले. आई दबक्या आवाजात म्हणाली, “तीन सांग.”

“तीन,” तो नुकत्याच फुटलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“तीन वर्षांच्या मानाने बाळसं चांगलं धरलंय,” मी म्हणालो.

“सरकारची पावडर लय गुणाची हाय, साहेब,” मागून कुणीतरी म्हणाले आणि पदराआड खसखस पिकली.

मी हसू दाबून पुढे सरकलो. माझ्या लक्षात येत होते आणि कसे वागावे ते मात्र कळत नव्हते. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या, नीटनेटका भांग पाडलेल्या मुलाने माझी पँट ओढली. पाहतो तर काकूंचा नातू. इंदिरानगरचा, माझ्या खोलीसमोरच्या अंगणात रोज क्रिकेट खेळणारा.

“काका,” तो कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आजीने सांगितलंय की आज तुम्हाला ओळखायचं नाही.”

आधी खिडकीतली एक बाई हसली, मग दारातल्या हसल्या आणि शेवटी मीही हसलो. काही कळले नसताना एकसष्ट मुलेसुद्धा हसू लागली. नंतर उलगडा झाला. याच गावातली एक फूलवाली रोज सकाळी काकूंच्या दारी पूजेची फुले देई. तिने आदल्या दिवशी काकूंना म्हटले होते, “उद्या नातू द्या, तपासणी हाय.” आणि काकूंनी, निरीक्षक आपलाच भाडेकरू आहे हे पक्के ठाऊक असताना, नातू आंघोळ घालून दिला होता.

मुले पांगल्यावर मी ताईंना विचारले, “तुमची स्वतःची मुलं किती आहेत? खरं सांगा.”

“पंचवीस. कधी सव्वीस.”

“मग ती अकरा वाजता का नसतात?”

“साहेब, आमच्या बाया फुलं कधी तोडतात? उजाडायच्या आत. सहाला टेम्पो फूलबाजारात जातो. बाया परत येतात नवाला. पोरं मी पहाटे साडेचारला घेते, साडेनवाला ज्याच्या त्याच्या आईकडं देते. अकराला ती पोरं आईच्या मांडीवर असतात. तिथनं ओढून तुमच्यासाठी इथं आणून ठेवू का?”

“हे तुम्ही आधीच का नाही सांगितलं?”

“तुमी विचारलं कुठं?” ताई म्हणाल्या. “तुमी कुलपाला विचारलं. कुलूप काय सांगणार?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मेथी धुणारी ती बाई आठवली. एक प्रश्न, एवढेच त्या दिवशी करायचे राहून गेले होते. मी फेरतपासणीचा कागद कोराच खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात पहाटे पाच वाजता स्कूटर घेऊन परत आलो.

ते दृश्य मला अजून जसेच्या तसे दिसते. बाहेर झेंडूच्या रानातून टोपल्या येत होत्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवायच्या बेतात असला की एखादी बाई त्याच्यावर डोळे वटारी, कारण आत मुले झोपलेली. खोलीत कंदील, गोधड्यांवर ओळीने मुले, एकाच्या गालाला झेंडूची पाकळी चिकटलेली. आढ्याला पाच झोळ्या बांधलेल्या होत्या आणि पाचही झोळ्या एकाच दोरीत ओवलेल्या. ताई भिंतीला टेकून दोरी हलवत होत्या. एक ओढ दिली की पाचही तान्ही एका लयीत झुलत. दुसऱ्या हाताने त्या एका रडव्याला दूध पाजत होत्या आणि पायाने कुणाची तरी लाथाडलेली गोधडी सारखी करत होत्या. मी मोजले. पंचवीस. ओठांवर आलेले हसू आणि डोळ्यांत आलेले पाणी दोन्ही आवरून मी शेरा लिहिला. या वेळी तो दीड पानांचा झाला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे ठेवला. माझे साहेब भला माणूस. त्यांनी चष्मा वर करून वाचले.

“तपासणीची वेळ पहाटे पाच दहा?”

“हो, साहेब.”

“अहो, उद्या कुणी मला विचारलं, की तुमचा निरीक्षक पहाटे पाचला कुठे होता, तर मी काय सांगू? झोळीत?” त्यांनी मला चहा सांगितला. “शेरा खरा आहे, हे मला दिसतंय. पण योजनेत दहा ते पाच लिहिलंय. हा कागद मंजूर केला तर हिशेब तपासणारे मला आणि तुम्हाला दोघांनाही त्या दोरीत ओवतील. नियमच चुकीचा असेल तर वर लिहायला हवं. वेळ ठरवायची मुभा संस्थेला द्या म्हणून टिप्पणी करा. मी सही करतो.”

किती सोपे होते ते! त्यांनी वाट दाखवली होती, सही देऊ केली होती. ताईंना मी निरोप पाठवला, “वर लिहितो आहे.” आणि मी लिहिले नाही.

कारण सांगताना आजही मान खाली जाते. मला नोकरीत कायम करण्याचा प्रस्ताव त्याच सुमारास वर गेला होता. शासनाच्या योजनेत दोष दाखवणारी टिप्पणी आणि माझा प्रस्ताव एकाच टेबलावर, एकाच अधिकाऱ्यापुढे जातील, ही भीती माझ्या मनात बसली. आधी कायम होऊ, मग लिहू, असे मी स्वतःला समजावले. साहेबांनी दोनदा आठवण करून दिली, मी दोनदा “करतो” म्हणालो. पुढे त्यांची बदली झाली. त्र्यंबकच्या बाजूच्या भेटी मी एका सहकाऱ्याला देऊ लागलो आणि बदल्यात त्याची निफाडकडची कामे घेऊ लागलो. तो बिचारा मला उदार समजत होता.

असे अकरा महिने गेले. या काळात मी एकदाही त्या गावात गेलो नाही. ताई इगतपुरीला गेल्या असतील आणि ती खोली आता खऱ्या अर्थाने बंद असेल, असे मी धरून चाललो होतो. ‘केंद्र बंद आढळले’ हा माझा शेरा माझ्याच आळसाने खरा करून दाखवला, असे एखाद्या रविवारी मनात येई. मग मी स्कूटर पुसायला घेई.

एके दिवशी सकाळी काकू देवपूजेला बसल्या होत्या. मी चहासाठी आत गेलो.

“फुलं आज एवढीच?” मी सहज विचारले. ताम्हनात पूर्वीपेक्षा झेंडू कमी होते.

“एवढीच असतात हल्ली,” काकू म्हणाल्या. “वर्ष होत आलं. तुझं लक्ष आज गेलं.”

“फूलवाली कमी देते?”

“मीच कमी घेते. पैसे तेवढेच देते.” त्यांनी निरांजन लावले आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागल्या. “तिच्या गावात प्रत्येक बाई टोपली भरली की एक मूठ फुलं बाजूला काढते. पाळण्याची मूठ म्हणतात. ती सगळी फुलं एकत्र करून एक बाई त्र्यंबकला देवळाच्या वाटेवर नेऊन विकते आणि त्यातून त्या ताईला देतात. मी म्हटलं, माझ्या पुडीतलीही एक मूठ काढत जा. देवाला काय, चार फुलं कमी चालतात. त्याला कुठे पंचवीसची अट आहे?”

मी उभाच राहिलो. म्हणजे ताई गेल्या नव्हत्या. पाळणाघर चालू होते. आणि ज्या घरात मी झोपत होतो, त्या घरातल्या देवापुढची फुले ते चालवायला मदत करत होती. मी नव्हतो.

“आणि काय रे,” काकू म्हणाल्या, “तुझा कागद कुठवर गेला? फूलवाली रोज विचारते. मी रोज सांगते, सरकारी काम आहे, वेळ लागतो. किती दिवस सांगू?”

“काकू, मी तो लिहिलाच नाही.”

त्यांनी घंटी खाली ठेवली. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. त्या एवढेच म्हणाल्या, “चहा घे. आणि मग लिही. आज रजा टाक हवी तर.”

रजा टाकली नाही. कार्यालयात गेलो आणि संध्याकाळपर्यंत टिप्पणी पूर्ण केली. पहाटे फुले तोडणाऱ्या बायकांची मुले पहाटेच सांभाळावी लागतात, एवढी साधी गोष्ट शासनाच्या भाषेत लिहायला तीन पाने लागली. नव्या साहेबांनी वाचून सही करून दिली. गंमत म्हणजे मला नोकरीत कायम केल्याचे पत्र कार्यालयात सहा महिन्यांपूर्वीच येऊन पडले होते आणि कपाटात दुसऱ्याच फाइलमध्ये गेले होते. ज्याच्या भीतीने मी गप्प बसलो होतो, ते केव्हाच पार पडले होते.

टिप्पणी वर गेली आणि वरच राहिली. माझ्या बदल्या झाल्या, लग्न झाले, मुले झाली. दोन हजार सालानंतर मी फिरून नाशिकला आलो. इंदिरानगरातली कोबीची शेते तोवर इमारतींखाली गेली होती. आल्यावर काही वर्षांनी योजनेची सुधारित नियमावली टेबलावर आली. चौथ्या पानावर एक वाक्य होते. स्थानिक रोजगाराचे स्वरूप पाहून केंद्राची वेळ ठरविण्याची मुभा संस्थेस राहील. ते माझ्या टिप्पणीमुळे आले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कुठे मासळीच्या बंदरावरून, कुठे वीटभट्टीवरून, कुठे ऊसतोडीच्या तळावरून अशीच पत्रे गेली असतील. त्या ढिगात माझेही एक होते आणि उशिराचे होते.

त्या पानाची प्रत घेऊन मी गावात गेलो. ताईंचे केस पिकले होते, आवाज तसाच. त्यांनी ओट्यावर बसून ते वाक्य बोट ठेवून वाचले.

“एवढं एक वाक्य लिहायला यांना इतकी वर्षं लागली?”

“त्यांतले अकरा महिने माझे आहेत,” मी म्हणालो आणि सगळे सांगितले. कायम होण्याची भीती, निफाडची कामे, काकूंची फुले. सांगताना मी कागदाची कड दुमडत राहिलो.

ताईंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. “तुमी लगेच लिहिलं असतं तर आमची मूठ सुरूच झाली नसती,” त्या म्हणाल्या. “अनुदानाची वाट बघत बसलो असतो.”

मला बरे वाटू लागले होते, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, “पण म्हणून तुमी चांगलं केलं, असं नाय म्हणत मी.”

“मीही म्हणत नाही.”

“मग झालं. च्या घ्या.”

अर्ज करायचा की नाही, यावर त्या आठवड्यात बायकांची बैठक झाली. एक जण म्हणाली, आता सरकार देणार तर मूठ कशाला? म्हातारी झालेली मेथीवाली, तीच ती पाटावर जुड्या धुणारी, कोपऱ्यातून म्हणाली, “सरकारचं अनुदान म्हंजी पाहुणा. आला की पाटावर बसवू, गोडाचं घालू. पण पाहुणा येणार म्हणून घरची चूल कुणी मोडतं का?” अर्ज करायचा, दुसरी सेविका आणि दूध अनुदानातून घ्यायचे आणि ताईंची मूठ चालू ठेवायची, असे ठरले. अर्ज मी लिहून दिला. तेवढ्यापुरते अक्षर उपयोगी पडले.

तपासणी पहाटे झाली. माझ्याकडे आता दुसरे काम होते, म्हणून नव्या निरीक्षक म्हणून एक तरुण मुलगी आली. स्वेटर, मफलर आणि जांभया. मी सोबत गेलो होतो, वाट दाखवायला. खोलीत झोळ्या आता सात होत्या, दोरी मात्र एकच. ताईंना हजेरीपट दाखवायला उठायचे होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि दोरीचे टोक माझ्या हातात दिले.

“धरा. थांबायचं नाय आन् जोरात ओढायचं नाय.”

मी भिंतीला टेकून बसलो. पहिल्या दोन ओढी वेड्यावाकड्या गेल्या. कडेच्या झोळीतून एक बारीक कुरकुर आली. मग लय सापडली.

निरीक्षक बाई दारात हळूच म्हणाली, “सर, एकूण मुलं किती हो?”

कडेची झोळी नुकतीच शांत झाली होती. मी ओठांवर बोट ठेवले आणि आत येऊन स्वतःच मोजा, अशी मानेने खूण केली. ती चपला काढून आत आली आणि दारातल्या टोपलीतून सांडलेली फुले ओलांडत, एकेका गोधडीपाशी वाकून मोजू लागली.